दुसरीच्या आईला मीठ

खाडीकाठच्या खारवण गावात चर्चचं मुलींचं ज्युनिअर कॉलेज आहे. अकरावीचा पहिला तास भरण्याआधी तिथं एक रीत पाळतात. गावातल्या आया आवारात बाकांवर बसतात आणि प्रत्येक मुलगी चिमूटभर मीठ एका आईच्या जिभेवर ठेवते. आई मात्र आपली नको, दुसरीची हवी. पाहुणे विचारतात, हे कशासाठी? मग चर्चची घंटा वाजवणारे सांतानमामा त्यांना सावलीत बसवून सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी इथं नातालीन नावाची विधवा राहायची, असं सांगतात. तिला ब्रिजिता ही एकच लेक. तेव्हा गावात शाळा दहावीपर्यंतच. पुढे शिकायचं तर होडीनं खाडी ओलांडावी लागे. ब्रिजिता जाऊ लागली आणि आईच्या जिवाला घोर लागला. लेक परत येईपर्यंत ती धक्क्यावरून हलायची नाही. शेवटी तिनं मरियामातेपुढे मेणबत्ती लावली आणि नवस बोलली, "माझी लेक गावातच कॉलेजात जाईल, त्या दिवशी मीठ खाईन. तोवर अळणी."

मिठागरांचं गाव, आणि हिच्या घरी कालवण अळणी! शेजारीण म्हणायची, "नाताल, तुझ्याकडे जेवायला यायचं तर पदराला मीठ बांधून यावं लागेल गं." ब्रिजिता खळाळून हसायची.

त्याच पावसाळ्यात होडी उलटली. ब्रिजिता तिसऱ्या दिवशी सापडली.

नवस तेवढा उरला. फादर म्हणाले, "बाई, देवानं तुला मोकळं केलंय. आता खा." ती म्हणाली, "बोलले मी होते, फादर. लेक कॉलेजात गेल्याशिवाय कसं खाऊ?" कधीच फिटणार नाही असा नवस ती पाळत राहिली.

तिच्या ताटाच्या आठवणीनं फादरांना घास उतरेना, म्हणे. त्यांनी बिशपांकडे खेटे घातले, सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. नऊ वर्षांनी शाळेच्या माडीवर अकरावीचा वर्ग भरला. मुली एकतीस. फादरांनी नातालीनला बोलावून मिठाची वाटी पुढे केली. तिनं वर्गावरून नजर फिरवली.

"सगळ्या दिसतात. माझी कुठाय?"

तेव्हा त्या शेजारणीचीच पोर, जेसिंता, उठली. चिमूटभर मीठ घेऊन म्हणाली, "आई, मी कॉलेजात आले गं. गावातच." तिची खरी आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

नातालीननं ओठ घट्ट मिटले. दुसरी आली, "आई, मी पण." मग तिसरी. सातवी की आठवी "आई" म्हणाली, तेव्हा तिचं तोंड उघडलं.

"किती खारट असतं गं हे," एवढंच ती बोलली.

आजही त्या दिवशी पहिला बाक मोकळा ठेवतात. ज्यांची लेकरं देवाघरी गेली, त्या आया आपणहून येऊन तिथं बसतात. त्यांच्यापुढे एक मुलगी पुरत नाही. सगळ्या वर्गाला "आई" म्हणावं लागतं.