महाराजांच्या चाकातली हवा

दसऱ्याच्या सकाळी महाराज दिग्विजयराव राजवाड्याच्या पायऱ्या उतरले आणि पाहतात तर काय, त्यांची लाडकी मोटार पुन्हा एका अंगाला कललेली! माप देऊन खास परदेशातून घडवून आणलेली चार चकचकीत चाकं, आणि त्यातलं पुढचं डावं पार बसलेलं. त्याच्या कडेवर तर ओरखडेच ओरखडे, उंदरांनी कुरतडल्यासारखे.

"हे काय?" महाराज गरजले.

"गाडी महाराजांना मुजरा करतेय!" प्रधान भुजंगराव तत्परतेनं म्हणाले.

"रोज सकाळी?"

"निष्ठा, महाराज, निष्ठा!"

राजवाड्याचा मिस्त्री शेजारीच उभा होता. चाक फुटपाथच्या दगडाला घासून घासून कड वाकलीय आणि हवा तिथूनच निसटते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण राजाच्या चाकाला नावं ठेवणाऱ्याची नोकरी टिकत नसे. म्हणून "चाक उत्तम, हवाच बेइमान!" असं म्हणत तो रोज नवी हवा भरायचा.

पण खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायला हवंच ना! प्रधानांनी फुटपाथचे दगड बसवणाऱ्या रखमाजी गवंड्याला धरून आणलं. आरोप असा की, त्याच्या दगडानं राजाच्या चाकावर हल्ला केला. संध्याकाळी सीमोल्लंघनाला गाडी निघण्याआधी चाक ठीक झालं नाही, तर महाराज सीमेवरून परततील आणि रखमाजीला मात्र तिथेच सोडून देतील. हद्दपार, कायमचा!

हे ऐकून रखमाजीची मुलगी हौसा धावतच राजवाड्यावर आली.

"महाराज, दगड जागचा हलला होता का?" तिनं विचारलं.

"हलला नाही हाच तर गुन्हा!" प्रधान ओरडले. "महाराजांची गाडी आल्यावर बाजूला व्हायला नको?"

महाराजांनी मिशीवर ताव दिला. "पोरी, एवढी शहाणी आहेस तर तूच चाक बरं कर. पण आमच्या चाकात खोट आहे असं कुणी म्हणायचं नाही. आम्ही गाडी चुकीची लावतो असं सुचवायचं नाही. आणि फुटपाथ फोडायचा नाही, त्याचं उद्घाटन आमच्या हस्ते झालंय!"

हौसानं नजर वर केली. समोर दोन शिपायांच्या मध्ये बाप मान खाली घालून उभा होता. त्याला घेतल्याशिवाय घरी जायचं नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं आणि चटकन म्हणाली, "मग आधी पूजा तर करू! आज दसरा. चाकांवर पाणी घातल्याशिवाय गाडी दाराबाहेर निघते होय?"

याला नाही कोण म्हणणार? मिस्त्रीनं घाईघाईनं हवा भरली. हौसानं राणीसाहेबांच्या न्हाणीघरातून रिठ्याचं पाणी मागवलं.

"साधं पाणी चालत नाही वाटतं?" प्रधान फिस्कारले.

"राजाच्या चाकाला? साधं?"

हौसानं तांब्या हळूहळू चाकाच्या कडेवर रिता केला, आणि जिथे कड वाकली होती तिथून बुडबुडे फुगून वर येऊ लागले! सगळ्यांनी ते पाहिले आणि सगळ्यांनी लगेच आभाळाकडे माना वळवल्या.

"मला बाई काही दिसत नाही," हौसा म्हणाली. "तुम्हाला दिसतंय का, प्रधानजी?"

"छे! काहीच नाही!"

महाराज वाकले, डोळे बारीक केले आणि भडकले. "आंधळे झालात की काय सगळे? हे बघा बुडबुडे! इथून हवा जातेय! कड वाकलीय, चाकात खोट आहे!"

"वा! काय ती नजर!" प्रधान म्हणाले.

मिस्त्रीला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. त्यानं चाक उतरवलं, कड तापवून सरळ केली, ओरखडे घासून गुळगुळीत केले आणि चाक परत चढवलं. पुन्हा रिठ्याचं पाणी घातलं, तर एक बुडबुडा येईल तर शपथ!

"पण उद्या पुन्हा घासलं तर?" महाराज अडून बसले. "त्याचा बंदोबस्त होईपर्यंत तुझ्या बापाला सोडणार नाही."

"महाराज, आपण गाडी फुटपाथला अगदी टेकवूनच उतरता. का बरं?"

"ही घराण्याची रीत आहे! राजाचा पाय रस्त्याच्या धुळीला लागत नाही. गाडीतून निघाला की थेट फुटपाथवर!"

"अरे देवा! म्हणजे आम्हा प्रजेचंच चुकलं!" हौसानं कपाळावर हात मारला.

"ते कसं?"

"गवंड्यानं बसवलेल्या दगडापाशी राजानं जायचं? तेही अंग घासत? शोभतं का हे? फुटपाथनं राजाच्या पायाशी आलं पाहिजे!"

"बरोबर!" महाराज म्हणाले आणि मग थबकले. "पण येईल कसा?"

हौसानं मुदपाकखान्यातून जेवायला बसायचा पाट आणवला. महाराजांनी गाडी एक फेरी मारून आणली आणि फुटपाथपासून चांगली दोन हात लांब उभी केली. तिनं दारापाशी पाट मांडला. राजाचा पाय पाटावर, पाटावरून फुटपाथवर! धूळ लागली नाही, की चाकाला दगड शिवला नाही.

"आणि हा पाट रोज उचलायचा कुणी?" प्रधान नाक मुरडत म्हणाले. "मी?"

"तुम्ही कशाला, प्रधानजी? तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर महाराज स्वतःच उचलतील की!"

प्रधानांनी झडप घालून पाट काखोटीला मारला. ते पाहून महाराज इतके हसले, इतके हसले की त्यांना गाडीला टेकून उभं राहावं लागलं.

संध्याकाळी सीमोल्लंघनाला रखमाजी निघाला तो महाराजांच्या शेजारी गाडीत बसून, आणि तसाच परतही आला. गावभर लोक आपट्याची पानं सोनं म्हणून वाटत होते, महाराजांनी हौसाच्या ओंजळीत खरं सोनं घातलं.