आधी पाण्यात उतरू दे

होड्या आणि इंजिनं एकमेकांशी मोकळेपणाने बोलत, त्या काळची ही गोष्ट. जोमा नाखव्याने आपल्या जुन्या लाकडी होडीत नवं इंजिन बसवायला घेतलं. होडी किनाऱ्यावर ओंडक्यांवर टेकलेली होती.

"मिस्त्री बोल्ट आवळतोय, पण तू थोडं सैल राहा," होडी इंजिनाला म्हणाली. "पाण्यात उतरले की माझ्या फळ्या फुगतात, अंग वेगळं बसतं. मग पंखा फिरवणारा शाफ्ट वाकड्यात जाईल."

"म्हातारपणी सगळ्यांचंच अंग वेगळं बसतं, आजी!" इंजिन हसलं आणि बोल्ट घट्ट धरून बसलं.

होडी पाण्यात गेली. इंजिन सुरू होताच शाफ्ट थडथडू लागला, फळ्या हादरल्या. नाखव्याने कपाळाला हात लावला. "होडीच संपली रे. इंजिन काढा आणि हिला सरपणाला फोडा."

चूक कोणाची ते इंजिनाला कळलं होतं.

"आजी, आता काय करू?"

"सैल हो. बाकीचं मी बघते."

इंजिनाने बोल्ट सोडले. होडीने त्याला आपल्या अंगाप्रमाणे सावकाश बसवून घेतलं. इंजिन काढायला आलेल्या मिस्त्रीने शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, तर तो अलगद फिरला. त्याने तिथेच, पाण्यात, बोल्ट पुन्हा आवळले.

संध्याकाळी होडी बोंबलांनी भरून परतली. किनाऱ्यावर ओंडक्यांवर टेकलेल्या दुसऱ्या एका जुन्या होडीत कोरं इंजिन मिस्त्रीला ओरडून सांगत होतं, "आवळ, आणखी आवळ!"

"बाळा," जोमाच्या होडीतलं इंजिन म्हणालं, "आधी आजीला पाण्यात उतरू दे."