मोरी उठली नाही

फार पूर्वी, मेंढ्या आपला मुक्काम आपणच शोधत त्या काळी, एक कळप डोंगरातल्या जंगलात जागा हुडकत फिरत होता. दरीत चिखल होता, कड्यावर वारा झोंबत होता. अखेर झाडांच्या आडोशाला कोरडी, सपाट जागा सापडली. शेजारी झराही होता. तिथेच मोरी नावाची मेंढी व्याली.

सांज होताच एक गवा आला. "उठा. ही जागा माझी आहे."

"चला, दरीत उतरू," म्हातारा मेंढा म्हणाला आणि कळप मुकाट निघाला. मोरीने आपल्या ओल्या कोकराकडे पाहिलं. दरीतल्या गारठ्यात ते जगणार नव्हतं.

"मी उठणार नाही," ती म्हणाली.

गव्याने शिंगं तिच्या कपाळाला टेकवली. "भीती वाटत नाही तुला?"

"वाटते. पण तुला सारं रान मोकळं आहे, माझ्या बाळाला एवढीच जागा आहे."

मेंढा थबकला. मागे फिरून तो मोरीला खेटून बसला. मग एकेक मेंढी परतली आणि गव्याला न विचारता बसली. कळपाच्या मधोमध गवा तेवढा उभा राहिला. शेवटी फुरफुरत, वाट काढत तोच निघून गेला.