फुदकीचं अंडं गाडीत अडकलं

एवढीशी फुदकी होती. सुपारीएवढी. पण राग केवढा? डोंगराएवढा. सदा नाकावर. पक्ष्याला नाक कुठलं बाई, म्हणून चोचीवर.

दूर तिकडे फ्रान्स देशात ओदेत आजीचं शेत होतं. टेकाडावर आजीची गाडी. बुटकी, राखाडी, पातळ पत्र्याची. छत कापडाचं. चटईसारखं गुंडाळायचं. एकदा छत उघडं राहिलं. फुदकी आत गेली. मागच्या सीटवर घरटं केलं. त्यात एक अंडं घातलं.

फुदकी किडे आणायला गेली. तेवढ्यात आजी आली. छत लावलं, खट्. अंडं आत, फुदकी बाहेर.

फुदकी तडतडली. गेली आजीकडे, फुर्र फुर्र.

"आजी आजी, छत उघड. माझं अंडं मिळेना."

"मी नाही जा. दुधाची उंच किटली ठेवायची, तेव्हाच छत उघडायचं. गाईनं दूध दिलं तर उघडेन."

फुदकी गाईकडे गेली, फुर्र फुर्र.

"गाई गाई, दूध दे. आजी छत उघडेना, माझं अंडं मिळेना."

"मी नाही जा. वाळकं गवत कोण खाणार? गवत तरारलं तर देईन."

फुदकी गवताकडे गेली, फुर्र फुर्र.

"गवता गवता, तरार. गाय दूध देईना, आजी छत उघडेना, माझं अंडं मिळेना."

"मी नाही जा. पाणी इकडे वळलं तर तरारेन."

फुदकी पाण्याकडे गेली, फुर्र फुर्र.

"पाण्या पाण्या, वळ. गवत तरारेना, गाय दूध देईना, आजी छत उघडेना, माझं अंडं मिळेना."

"मी नाही जा. पाटात दगड आडवा बसला तर वळेन."

दगड कुठे होता? आजीच्या गाडीच्या चाकाखाली.

"दगडा दगडा, हल. पाणी वळेना, गवत तरारेना, गाय दूध देईना, आजी छत उघडेना, माझं अंडं मिळेना."

"मी कसा हलू? आजीनंच मला पाटातून उचललं. गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली घातलं. गाडी हलली तर हलेन."

म्हणजे सगळं आजीचंच. करून सवरून नामानिराळी. फुदकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"गाडी गाडी, हल. दगड हलेना, पाणी वळेना, गवत तरारेना, गाय दूध देईना, आजी छत उघडेना, माझं अंडं मिळेना."

"मी नाही जा. आजी आली तर हलेन."

"पुन्हा आजी?"

फुदकी गाडीच्या नाकावर बसली. टक टक टक. "हल, हल, हल."

"अगं, गुदगुल्या होतात," गाडी म्हणाली. मऊ स्प्रिंगांवर डुलायला लागली. डुगु डुगु, डुगु डुगु. दगड सटकला. गाडी सुटली. टेकाडावरून खाली, नांगरलेल्या शेतातून, डुगु डुगु, धाडधूड. मागून आजी धावली. आजीची टोपी उडाली.

फुदकीचा राग कुठल्या कुठे पळाला. "माझं अंडं फुटलं," म्हणून ती रडायला लागली.

गाडी गवताच्या गंजीत थांबली, भस्स.

तिकडे दगड घरंगळला, पाटात आडवा बसला. पाणी वळलं. गवत तरारलं. गाईनं दूध दिलं. आजीनं किटली आणली, छत उघडलं, सुर्र.

आणि अंडं? जसंच्या तसं. साधी चीरसुद्धा नाही.

"खड्डे असोत की ढेकळं," गाडी म्हणाली, "माझ्या सीटवर अंडं फुटत नाही."

टक्. अंड्याला भोक पडलं. पिल्लू बाहेर आलं. ओलं, उघडं, पण रागानं अगदी आईवर गेलेलं. आजीकडे तोंड करून जे ओरडायला लागलं, चीं चीं चीं.

"चुकलं बाई माझं," आजी म्हणाली. "आता छत उघडंच ठेवते."

तेव्हापासून पाऊस आला की आजी छत्री धरते. घरट्यावर. स्वतः भिजते.

आणि फुदकी म्हणते, "नीट धर."