कौतिकाचा अंगठा

फार फार वर्षांपूर्वी, किती ते मला विचारू नका, पळसटोल्यात कौतिका नावाची सुईण होती. गावातल्या प्रत्येक पोराचा पहिला टाहो तिच्याच हातांत निघालेला. अंगावर पुरळ उठायच्या आधी नुसते डोळे बघून ती गोवर ओळखायची. डांग्या खोकला तर तिला गल्लीच्या टोकावरून ऐकू यायचा, असं म्हणतात.

एक दुखणं मात्र तिला उमगत नव्हतं. गाव त्याला हाडमोड म्हणे. सहा-आठ महिन्यांचं गुटगुटीत पोर एकाएकी किंचाळायला लागायचं, हातापायांची बोटं सुजायची, डोळे पिवळे व्हायचे. डाव्या बरगडीखाली हात लावावा तर टणक गोळा. पाच वर्षांचं होण्याआधी बहुतेक पोरं जायची. नदीतल्या आसरांनी धरलं असं म्हणत लोक काठावर ओटी भरून यायचे. कौतिकाचा थोरला असाच गेला, तेव्हा तिनंही मुकाट्यानं ओटी भरली होती.

कौतिका अडाणी होती, पण तिच्या घरात आढ्याला गावातल्या प्रत्येक घराचा एक दोर टांगलेला असे. पोर जन्मलं की तांबड्या सुताची गाठ, हाडमोडीनं गेलं की काळ्या सुताची.

आता त्या काळची रीत ऐका. नणंद-भावजय एकाच वेळी गरोदर राहिल्या, की सुईण दोघींच्या पोटाला कुंकू लावायची. एकीला मुलगा आणि दुसरीला मुलगी झाली, की लग्न ठरलं म्हणून समजा. मग कोणाची माघार नाही. कौतिकाचा अंगठा शुभ म्हणून तिला लांबून बोलावणी यायची आणि तिला त्याचा तोराही होता, खोटं कशाला बोलू. धाकटा पोटात असताना तिनं स्वतःच्या आणि भावजयीच्या पोटाला स्वतःच कुंकू लावलं होतं. भावाची ती मुलगी ठमा पुढे सून होऊन घरात आली.

ठमाला मुलगी झाली, सोनी. सातव्या महिन्यात सोनीची बोटं सुजली. कौतिकानं नातीला मांडीवर घेतलं, डाव्या बरगडीखाली हात घातला, आणि तो हात तिथेच राहिला. तीन वर्षं तिनं त्या पोरीचे सांधे शेकले. चौथ्या वर्षी सोनी गेली.

काळी गाठ मारायला कौतिकानं आपला दोर खाली घेतला. शेजारी भावाचा दोर होता. त्यातही दोन काळ्या गाठी होत्या. तिनं एकेक करत सगळे दोर उतरवले आणि अंगणात मांडून दिवसभर बघत बसली. ज्या दोन घरांच्या दोरांत काळं होतं आणि ज्यांनी एकमेकांत सोयरीक केली होती, त्यांच्याच नातवंडांत हाडमोड उतरली होती. सगळ्यांत नाही, चारांतल्या एखाद्यात. आणि त्यातली बहुतेक लग्नं तिच्याच अंगठ्यानं ठरलेली होती. कौतिका त्या दोरांवर कपाळ टेकून रडली.

त्याच आठवड्यात उकंडराव पाटलाकडून बोलावणं आलं. पाटलीणबाई आणि पाटलाची बहीण आक्का, दोघी गरोदर, पाटावर बसलेल्या. करंडा पुढे आला.

"पाटील, तुमच्या दोराला दोन काळ्या गाठी आहेत," कौतिका म्हणाली. "आक्काच्या सासरच्या दोराला एक. हे रक्तातून उतरतं. आसरांचा यात काही दोष नाही. मी कुंकू लावणार नाही."

"नात गेली म्हणून डोकं फिरलं का तुझं? लाव मुकाट्यानं."

कौतिका उठली, चुलीपाशी गेली आणि उजवा अंगठा निखाऱ्यात धरला. करंड्यातलं कुंकू त्याच घटकेला राखेसारखं करडं पडलं, असं म्हणतात.

पाटलानं परगावची सुईण आणून कुंकू लावलंच. कौतिकाला गावानं वाळीत टाकलं. ती आपले दोर घेऊन नदीकडेच्या मोहाच्या झाडाखाली झोपडी बांधून राहिली. ठमाला सासूचं म्हणणं कळलं होतं, म्हणूनच ती तिच्याशी उभ्या जन्मात बोलली नाही.

वीस वर्षांनी थकलेला पाटील त्या झोपडीत आला. कडेवर त्याच कुंकवानं आक्काच्या घरी दिलेल्या मुलीचा मुलगा होता, बोटं सुजलेला. कौतिकानं बरगडीखाली हात घालून पाहिलं.

"देवानं मला ओळखण्यापुरतंच दिलं, पाटील," ती म्हणाली. "बरं करायचं नाही दिलं."

ते पोर गेलं तेव्हा काळी गाठ पाटलानं आपल्या हातानं मारली. त्या वर्षीच्या पुरात नदीकाठ वाहून गेला, पण मोहाखालचा एकही दोर भिजला नाही, असं म्हणतात. तेव्हा कुठे गाव तिचं ऐकायला लागलं.

आजही पळसटोल्यात सोयरीक जुळवण्याआधी दोन्हीकडच्या आया आपापले दोर घेऊन मोहाखाली कौतिकाच्या नावानं बांधलेल्या ओट्यावर येतात. हल्ली दोराला दवाखान्यातली रक्ततपासणीची चिठ्ठीही बांधलेली असते. दोन्हीकडे काळं निघालं तर दोर गुंडाळून वेगवेगळ्या वाटांनी घरी जायचं, मग पोरापोरीचं कितीही मन जडलेलं असो. पोटाला कुंकू त्या गावात कोणी लावत नाही.

ओट्यावरही कुंकू वाहत नाहीत. कौतिका गेली त्या दिवशी ठमा आली होती. तिनं चुलीतली राख अंगठ्यावर घेऊन सासूच्या कपाळाला लावली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. म्हणून आजही बायका ओट्याला राखच लावतात, आणि लावताना कोणी काही बोलत नाही.