आधी उदाहरण, मग खडू

“मग सर, प्रस्तावना देताय ना? दोनच ओळी. त्यांच्याशिवाय पुस्तक छापायला द्यायचं नाही, असं ठरवलंय मी.”

प्राध्यापक मुकुंद माळवदे एवढं बोलून थांबला. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी त्याने साहित्यातल्या आणि निबंधलेखनातल्या संज्ञांचा कोश तयार केला होता. मेटाफरपासून थीसिस स्टेटमेंटपर्यंत सगळं त्यात होतं. स्वारी खुशीत होती.

दप्तरदार सर झोपाळ्यावर बसले होते. त्यांची नजर अधू झाली आहे, म्हणून मी रोज पेपर वाचून दाखवायला येतो.

मुकुंदा आणि मी, दोघंही याच ओटीवर इंग्रजी शिकलो. भिंतीवरचा काळा फळा अजून आहे. सकाळची शिकवणी, सरांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकूंनी मूठमूठ वाटलेले भिजवलेले हरभरे, आणि सरांचा एकच नियम. आधी उदाहरण द्यायचं, तेही पुस्तकातलं नाही, आपल्या घरातलं. ज्याचं सरांना पटेल त्याच्या हाती खडू. मग त्याने त्या संज्ञेचं नाव फळ्यावर लिहायचं. त्या खडूसाठी आम्ही जिवाचं रान करायचो.

काकू गेल्या, शिकवणी थांबली. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

“आयरनी वाच,” सर म्हणाले.

मुकुंदाने व्याख्या वाचली: जे व्हायला हवं, त्याच्या नेमकं उलटच घडणं. चोख होती. मग उदाहरण वाचलं, कुठल्याशा नाटकातल्या राजाचं.

“हा राजा तुझ्या ओळखीचा?”

“नाही सर... सगळीकडे हेच देतात.”

“तू वेगळं दिलं होतंस. इथंच.”

मुकुंदा फळ्याकडे बघू लागला.

मला चांगलं आठवत होतं. हा एवढासा मुकुंदा उभा राहून म्हणाला होता, “आमचे आप्पा साऱ्या गावाची दिवाळीची कापडं शिवत्यात. त्यामुळं दिवाळीला आम्हांस्नीच नवी कापडं नसत्यात.” कुणी हसलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. सरांनी खडू त्याच्या हातात ठेवला. आमचं घरचं कापडाचं दुकान, तरी त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला.

“ते का नाही घेतलंस?” सरांनी विचारलं.

“सर, पुस्तक मोठमोठ्या कॉलेजांत जाणार. तिथं शिंप्याचं मशीन, ठिगळाची चड्डी... बरं नाही दिसत.”

झोपाळा करकरत राहिला.

“अर्पण कुणाला केलंयस?”

मुकुंदाचा चेहरा उजळला. त्याच्या वडिलांना, आप्पांना, जाऊन वर्षच झालं होतं.

“आप्पांना, सर! पहिल्याच पानावर. ‘ज्यांनी आयुष्यभर शिवणयंत्र चालवून माझ्या हाती पुस्तक दिलं, त्यांना.’ ”

सरांनी पायाने झोपाळा थांबवला.

“पहिल्या पानावर आप्पा,” ते हळूच म्हणाले. “आणि आत?”

“आत...”

हातातले कागद मुकुंदाने मांडीवर उपडे ठेवले.

सर उठले. भिंत चाचपत फळ्यापाशी गेले. शेजारच्या कोनाड्यात हात घालून त्यांनी खडूचा एक तुकडा काढला. इतकी वर्षं तो तिथं होता, हे मलाही ठाऊक नव्हतं.

“सर... प्रस्तावना...” मुकुंदा उठून उभा राहिला.

सरांनी खडू पुढे केला.

“उदाहरण घरातलं आणलंस, मुकुंदा. घे. लिही नाव.”