दस्तगीरभाईंची सुई

“मग आक्का, सुई आत जाताना श्वास घ्यायचा का सोडायचा?”

“रोज काय करतोस?”

“रोज... घेतो आणि सोडतो.”

“कुणाला विचारून?”

दस्तगीरभाई गप्प झाले. दस्तगीरभाई गप्प झाले ही बातमी मिरजेच्या पेपरात पहिल्या पानावर यायला पाहिजे होती.

माणूस तंबोरे करणारा. बापजाद्यांपासूनचं काम. मोठमोठे गवई त्यांच्या दुकानात चपला काढून येतात, असं ते स्वतःच सांगतात. आम्ही कधी बघितलं नाही. पण आम्ही काही गवई नव्हे, डायलिसिसचे पेशंट. आम्हाला कोण बोलावतंय?

भाईंच्या किडन्या बसल्या तेव्हापासून दुकान बंद. एक दिवस दवाखान्यातल्या मशीनला लागायचं, दुसरा दिवस घरी पालथं पडून काढायचा. तंबोऱ्यासाठी वाळवलेले भोपळे उंदीर कुरतडत होते.

शेवटी डॉक्टर म्हणाले, मशीन घरी देतो. संध्याकाळी लावा, दिवसा काम करा. अट एकच. रक्त बाहेर नेणारी एक सुई आणि परत आत आणणारी एक, दोन्ही स्वतःच्या हातानं घालता आल्या पाहिजेत.

बायको, शाहीनभाभी, बाकी सगळं करायला तयार होती. पण सुई दिसली की ती भाईंच्या आधी आडवी व्हायची. घरात मशीन एक, आडवे दोघं. कसं जमणार?

आज शिकवणीचा शेवटचा दिवस होता. आज सुया गेल्या नाहीत तर मशीन दुसऱ्याच्या घरी जाणार, आणि भोपळे उंदरांच्या.

म्हणून सुवार्ता सिस्टरनं गौराक्काला खुर्ची टाकून बसवलं होतं. गौराक्का कासारीण. जन्मभर बायकांच्या हातात काकणं भरली, आणि किडन्या गेल्यापासून स्वतःच्या हातात सुया भरते, स्वतःच्या घरी, चहा उकळत ठेवून. चहा तिला कपभरच पिता येतो, पण ती उकळते पातेलंभर. शेजारणी येतात ना.

“दाव, कुठं घालणार?” आक्का म्हणाली.

भाईंनी डावा हात पुढं केला. ऑपरेशन करून मनगटापाशी रक्ताच्या दोन वाहिन्या जोडतात, मग वरची शीर दोरीसारखी फुगते. बोट ठेवलं तर आत खरखर लागते. आम्हा सगळ्यांचे हात असेच. मांजर पाळल्यासारखं वाटतं.

आम्ही बोट ठेवून बघतो. भाईंनी कान ठेवला.

डोळे मिटले. मान हलवली. कान मनगटावरून कोपराकडं नेला, परत आणला. आम्हाला वाटलं आता ‘वाहवा’ म्हणतात.

“इथं,” ते म्हणाले. मनगटाजवळ, टाक्यांच्या खुणेवर त्यांनी पेनानं ठिपका काढला. “नाद इथंच भरून येतोय. आवाज मोठा तिथं शीर मोठी. आमच्या कानाला कोण फसवणार?”

सिस्टरनं कपाळाला हात लावला. आक्का मात्र खुशीत आली.

“उस्ताद, तुमच्या तंबोऱ्यात सगळ्यात जास्त आवाज कुठं?”

“घोडीपाशी. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी.”

“मग घोडीत खिळा ठोकता व्हय?”

“तौबा! घोडीत? अहो, सगळा बाज जाईल!”

“ही तुझी घोडी.” आक्कानं ठिपक्यावर बोट ठेवलं. “डॉक्टरानं जोडलंय ते हितं. म्हणून एवढं वाजतंय. हितं टोचलंस तर बाजच काय, हात बी जाईल. वर सरक.”

भाईंनी ठिपका थुंकीनं पुसायला घेतला. सिस्टर ओरडली. मग स्पिरिटनं पुसला.

नवी जागा वर ठरली, बोटानं. दंडाला रबरी पट्टा बांधला. भाईंनी उजव्या हातात सुई धरली. धरली म्हणजे काय, गळा धरावा तशी धरली.

आणि थांबले.

...

पंखा फिरत होता. आमच्यातल्या रेंदाळकरांना खोकला आला, त्यांनी तो गिळला.

...

“सुई बोथट आहे,” भाई म्हणाले.

“नवी आहे, आत्ता तुमच्यासमोर फोडली,” सिस्टर म्हणाली.

“उजेड कमी आहे.”

सिस्टरनं दिवा लावला.

“आज... आज अमावस्या आहे.”

“दस्तगीरभाई,” रेंदाळकरांनी खोकला सोडून दिला, “तुम्हाला कुठली अमावस्या?”

“भोपळा चिरताना आम्ही बघतो!” भाई उसळले. पण सुई ताटलीत ठेवली. सिस्टरनं पट्टा सैल केला. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला होता. हळू आवाजात म्हणाले, “आक्का, दुसऱ्याच्या तंबोऱ्याला आरी लावताना माझा हात कधी हलला नाही. हा माझाच हात... सिस्टर, तुम्ही नुसतं मनगट धरा माझं. थोडं. एवढंच.”

सिस्टर पुढं झाली. आक्कानं तिला डोळ्यानं मागं सारलं.

“घरी कोण धरणार? भोपळा?”

आम्ही हसलो. भाई हसले नाहीत. त्यांच्या ओठाचं टोक हलत होतं, लहान पोराचं रडण्याआधी हलतं तसं.

आक्कानं खुर्ची पुढं ओढली. “हात दे. तो नव्हं. दुसरा. सुईवाला.”

भाईंनी उजवा हात दिला. मूठ घट्ट मिटलेली. आक्का ती दाबू लागली. अंगठ्याखालचा मांसल भाग, मग बोटांची मुळं, पीठ तिंबावं तशी.

“तुझा सगळ्यात ग्वाड तंबोरा कुठला रं?”

“कशाला विचारताय?”

“मरायच्या आधी ऐकीन म्हणते.”

झालं. भाई सुटले. एक बायकी पट्टीचा तंबोरा होता म्हणे, त्याचा भोपळा त्यांनी स्वतः नदीकाठच्या मळ्यातून खांद्यावरून आणलेला. गाडीत घातला नाही, हादरे बसतील म्हणून. घरात ठेवला तर शाहीनभाभीनं त्यात कांदे ठेवले. तीन दिवस नवराबायको बोलले नाहीत. मग तारा चढल्या, घोडी घासून जवारीची गुंज लागली, आणि पहिल्यांदा छेडला तेव्हा स्वयंपाकघरातून भाभी पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. पोळी करपली...

“कांद्याचा वास गेला का रं?”

“कुठला जातोय! गवईबुवा विचारायचे, भाई, हा तंबोरा भजीच्या गाडीवर केला का?”

सगळी खोली हसत होती. भाईही. हसता हसता त्यांनी डोळे पुसायला उजवा हात वर नेला, आणि किणकिण वाजलं.

मनगटात दोन हिरवी काकणं.

“हे... हे काय?”

“काकणं.”

“ते दिसतंय! काढा! या अल्ला... कधी घातलीत?”

“कांदे निघाले तवा.”

“मला कळलं कसं नाही?”

“घट्ट माप हाय. या मापाला नवऱ्या मुली रडत्यात.” आक्कानं लुगड्याला हात पुसले. “मी काकण ढकललंच न्हाई. हात मऊ झाला. काकणाला वाट ठाऊक असती.”

भाईंनी काकणं ओढून बघितली. हलेनात. रेंदाळकर म्हणाले, हिरवा रंग खुलतो तुम्हाला. भाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की रेंदाळकर परत खोकायला लागले.

“हात धुवा,” सिस्टर कडक आवाजात म्हणाली. “सुईला हात लावायच्या आधी दोन्ही हात, साबणानं, कोपरापर्यंत. आणि दागिने उतरवून.”

दागिने हा शब्द तिनं मुद्दाम वापरला. सुवार्ता सिस्टर दर रविवारी चर्चला जाते, पण सोमवार ते शनिवार आमच्यात असते. परिणाम होणारच.

बेसिनपाशी भाई बराच वेळ उभे होते. आधी काकणं खेचत होते. मग खेचायचं सोडलं. फेसात हात सैल सोडून नुसता फिरवत राहिले. एक काकण निघालं. मग दुसरं. दोन्ही अख्खी.

परत येऊन बसले. नवी सुई फोडली. सिस्टरनं डाव्या दंडाला पट्टा परत बांधला, शीर नीट पुसून दिली.

“आक्का, बघा हां.”

“बघते की,” आक्का म्हणाली, आणि उठून खिडकीशी गेली.

बाहेर पेरूवाला हातगाडी घेऊन उभा होता.

“ए बाबा! पेरू गोड हाईत का नुसतंच गुलाबी?”

“आक्का,” भाई म्हणाले.

“आणि हा डागाळलेला कुणाला घालतोस? खाली ठेव तो!”

“आक्का...”

“गौराक्का, पेरू नाही!” सिस्टर भाईंच्या हातावरची नजर न हलवता म्हणाली. “पोटॅशियम वाढेल.”

“खायला न्हाई ग बाई. वास घ्यायला.”

भाईंनी एकदा खिडकीकडं बघितलं. आक्काची पाठ. एकदा आमच्याकडं बघितलं. आम्हीही वळलो होतो, पेरू खरंच बघण्यासारखे होते. मी थोडा मागं वळून बघत होतो, हे आक्काला सांगू नका.

भाईंनी श्वास घेतला. का सोडला, लक्षात नाही. त्यांच्याही नसेल.

सुईचं टोक कातडीला टेकलं. बोटं सैल होती, गजऱ्यातलं फूल धरावं तशी. टोक आत गेलं. थोडं थांबलं. मग सुई आडवी झाली आणि सरकली.

नळीत लाल रंग चढला.

भाई ओरडले नाहीत. पुटपुटले, “गेली.” मग पट्टी लावली. दुसरी सुई उचलली. ती पहिल्या झटक्यात जागेवर बसली नाही. भाईंनी ‘हं’ केलं, बोटानं खरखर परत शोधली, आणि सुई किंचित वळवली. तीही गेली.

सिस्टरनं पट्टा सोडला, नळ्या तपासल्या, मशीनला जोडल्या आणि भाईंच्या खांद्यावर एक थाप मारली. मशीन घुंघुं करायला लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. रेंदाळकरांनी शिट्टी मारली, ती खोकल्यात गेली. दारात शाहीनभाभी उभी होती, डोळे हातांनी झाकून. “झालं का?” तिनं बोटांच्या फटीतून विचारलं.

“झालं! भोपळ्यांना ऊन दाखव! उद्या संध्याकाळी मशीन घरी!” भाई गरजले. आवाज परत आला होता. “आणि हे मशीन बेसूर आहे, सिस्टर. घरी आलं की बघतो त्याच्याकडं.”

मग त्यांना आठवलं.

आक्का पेरू नाकाशी धरून सावकाश परत येत होती. भाईंचा चेहरा पडला.

“आक्का, तुम्ही बघितलंच नाही.”

“न्हाई.”

“एवढं सुरेख गेलं! दोन्ही! आणि तुम्ही पेरू बघत होता!”

“व्हय.”

“चुकली असती म्हणजे?”

“सुवार्ता हुती की.”

“मग तुम्ही कशाला आलात? गुरू म्हणून बसलात ना?”

आक्कानं पेरूचा एक लांब वास घेतला, डोळे मिटून.

“मी बघितलं असतं रं बाबा,” ती म्हणाली, “तर ती सुई माझी झाली असती.”